बंधारा घेण्याआधी त्याचा हप्ता काढा

पतसंस्थेत २७ वर्षं कर्जाच्या खतावण्या लिहून मी निवृत्त झालो आणि वर्षभरात गावाने पाणलोट समितीचं दप्तर माझ्या गळ्यात मारलं. गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, सीना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर. दप्तरात काय, तर कामांची यादी, खर्च आणि उद्घाटनाचे फोटो. पाणी किती आलं आणि ते कितीला पडलं, हे कुठेच नाही. मग मी पतसंस्थेचीच रीत लावली. ती इथे सांगतो. लागतं फार थोडं: शंभर पानी वही, मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर आणि खरं बोलणारे चार विहीरमालक. शेवटचे मिळायला वेळ लागतो.

आधी जमेची बाजू. ओढ्याच्या पाणलोटाचं क्षेत्र कृषी सहायकाकडून घ्या. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. हजार घनमीटरचा एक टीसीएम. समजा पाणलोट ६०० हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिमी, तर झाले ३,००० टीसीएम. आकडा ऐकून सभा खूश होते. पण त्यातलं बहुतेक जमिनीत मुरतं, पिकं आणि गवत पितात, उन्हाने उडून जातं. ओढ्याला वाहून येतं ते मध्यम प्रतीच्या रानात साधारण ११ टक्के, म्हणजे ३३० टीसीएम. पाटबंधारेवाले यासाठी स्ट्रेंज नावाच्या इंजिनिअरचा तक्ता वापरतात. मुंबई इलाख्याच्या काळातला आहे, पण ढोबळ हिशेबाला अजून चालतो.

आता ३०० मिमीचं वर्ष धरा. पडलेलं पाणी १,८०० टीसीएम, पण वाहून येण्याचा टक्काही घसरून साडेचारच्या आसपास येतो. हाती ८१ टीसीएम. पाऊस ४० टक्क्यांनी घटला, ओढ्याचं पाणी ७५ टक्क्यांनी! पहिले पाऊस तहानलेली जमीनच पिऊन टाकते, म्हणून असं होतं. हे गणित मी फळ्यावर दोनदा करून दाखवतो, कारण सगळा व्यवहार इथेच फिरतो. समजा गावातल्या जुन्या तलाव-बंधाऱ्यांची साठवण आधीच १४० टीसीएम आहे. म्हणजे दुष्काळात आहेत तीच भांडी जवळजवळ अर्धी रिकामी राहतात. आणखी एक भांडं विकत आणून त्यात काय ओतणार?

म्हणून सरासरी पावसावर हिशेब करू नका. कर्ज देताना आम्ही माणसाची सरासरी कमाई बघून कधी भागवलं नाही. हप्ता थकतो तो वाईट महिन्यात. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे मिळतील तितक्या वर्षांचे आकडे घ्या आणि चांगली, मध्यम, वाईट असे तीन गठ्ठे करा. आमच्याकडे दहात ४, ३ आणि ३ अशी वाटणी धरतो.

मग खर्च. अंदाजपत्रकात कामाच्या खर्चाला साठवण क्षमतेने भागतात आणि 'एवढे रुपये प्रति टीसीएम' असं लिहितात. ते वाचून पुढे जा. तुम्ही असं समजा की बंधारा गावाने कर्जाने घेतलाय. नमुन्याला १५ लाखांचा सिमेंट नाला बांध घ्या, साठवण १० टीसीएम. ८ टक्के व्याज, २० वर्षं: वर्षाचा हप्ता साधारण १ लाख ५३ हजार. डागडुजीचे १५ हजार. एकूण १ लाख ६८ हजार. सरकारी पैसा आहे, व्याज कशाला, असं कुणीतरी विचारतंच. कारण तोच पैसा दुसऱ्या कामालाही लागला असता.

पाणी किती? चांगल्या वर्षी दोनदा भरला तर २०, मध्यम वर्षी १०, वाईट वर्षी शून्य. दहा वर्षांत ११०, वर्षाला ११ टीसीएम. त्यातलं उडणारं आणि वाया जाणारं वजा करून कामाला ६० टक्के धरा, ६.६. हजार लिटर पाणी पडलं २५ रुपयांना.

या दरात एकरभर कांदा, म्हणजे साधारण २ टीसीएम, पिकवायचा तर नुसत्या पाण्याचे ५० हजार. तेच पाणी ज्वारीला ऐन पोटरीत एकदा द्या: एकराला २४० घनमीटर, ६ हजार रुपये, आणि पीक हातचं जात नाही. दहा हजार लिटरचा टँकर दीड हजाराला घेऊन फळबाग जगवणारा मात्र हजार लिटरला १५० रुपये मोजतोच आहे. पाणी कुणासाठी अडवतोय हे ठरल्याशिवाय बंधारा स्वस्त की महाग, हे सांगता येत नाही.

याच पद्धतीने दुसरं काम मांडा. जुन्या पाझर तलावातून ५,००० घनमीटर गाळ काढायचा, घनमीटरला ४० रुपये, एकूण २ लाख. वाहतूक गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याची. कागदावर हे, साठवणीच्या टीसीएममागे, बंधाऱ्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यात पडतं. पण गाळ परत येतो. आयुष्य ८ वर्षं धरून हप्ता काढला आणि दहात सात वर्षं एकदा भरतो, त्यातलं कामाला तेच ६० टक्के, असं धरलं की हजार लिटरला साडेसोळा रुपये. स्वस्तच, पण फोटोत दिसतं तितकं नाही.

तिसरं काम सभेत कुणी मांडत नाही, कारण त्याला नारळ फोडता येत नाही. एक एकर ऊस काढून ज्वारी-हरभरा. पाटपाण्याच्या उसाला एकरी ८ टीसीएमपर्यंत लागतं. त्यातलं काही परत विहिरीत मुरतं, ते वजा करा, नव्या पिकाचं पाणी वजा करा. खरी सुटका ४ टीसीएमची. शेतकऱ्याचं वर्षाचं नुकसान समजा ३५ हजार. ते पूर्ण भरून दिलं तरी हजार लिटर ९ रुपयांना. (ठिबक इथे आपोआप मदत करत नाही. ठिबक बसवून उरलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावले, तर वहीत शून्य.)

आता हवामानाची परीक्षा घ्या. दहातली वाईट वर्षं ३ ऐवजी ५ करा, चांगली ३, मध्यम २. बंधारा ३५ रुपयांवर जातो, गाळ २३ वर. पीकबदल ९ चा ९ राहतो, कारण न उपसलेलं पाणी पावसावर अवलंबून नसतं. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ऊस-केळीला बंदी घातली ती उगाच नाही.

उलटी बाजूही मांडा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आमच्या एका बंधाऱ्याचा सांडवा जुन्या पावसाच्या मानाने काढलेला. एका रात्री ओढा असा आला, की सकाळी बंधारा जागच्या जागी ठणठणीत उभा, आणि पाणी बगलेतून, काठ फोडून गेलेलं. शेजारच्या पाऊण एकरातली कंबरभर माती घेऊन गेलं. ज्याचं रान गेलं त्याचा त्या बंधाऱ्याशी संबंध एवढाच, की त्याच्या विहिरीला त्याचा थेंब कधी आला नव्हता. ठेकेदाराचं बिल तोवर निघालं होतं. तेव्हापासून बगलेची पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, आणि रुंद सांडवा मी पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला लावतो. हप्ता वाढतो, वाढू द्या.

वहीत शेवटचा रकाना खालच्या गावाचा ठेवा. आपण वर अडवलेलं सगळंच नवीन पाणी नसतं, काही नुसतं खालच्याच्या खात्यातून आपल्या खात्यात आलेलं असतं. गोदावरीवर मोठ्या धरणांसाठी २०१४ च्या आदेशाने निदान नियम तरी घातला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल, तर वरून पाणी सोडायचं. ओढ्यांना असा नियम नाही. चांगल्या वर्षीचं अडवलेलं पाणी खालच्याला फार जाणवत नाही, मध्यम वर्षीचं जाणवतं. त्यांच्या तलावाखालच्या विहिरी मार्चऐवजी जानेवारीत तळ गाठत असतील, तर त्या दोन महिन्यांच्या टँकरचा खर्च आपल्या बंधाऱ्याच्या नावे टाका. आमच्या वहीत या एका ओळीने दोन कामं रद्द झाली. सरपंच आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

पीकबदलाचे ३५ हजार कुणी द्यायचे, यावर मात्र भांडण होणारच. आम्ही मोटारीच्या एचपीप्रमाणे वर्गणी बसवली. पाच एचपीवाल्याने साडेसातवाल्याकडे बोट दाखवलं, साडेसातवाल्याने बोअरवाल्याकडे. पहिल्या वर्षी तीनच एकरांचे पैसे जमले.

आणि वही मांडायची ती ऑक्टोबरच्या मध्यात, विहिरींची पातळी मोजून झाली की लगेच. एकदा कांद्याची रोपं टाकली गेली, की हिशेब ऐकायला सभेत कुणी येत नाही.