बाथरूममध्येच वॉशिंग मशीन बसवताय? मग या चुका टाळा

घर लहान असलं की मशीन बाथरूममध्ये जाणार हे ठरलेलंच असतं, आणि त्यात वाईट काहीच नाही. पाणी तिथेच, ड्रेन तिथेच, सांडलं तरी फरशी ओली व्हायचीच जागा. मी घरांची प्लंबिंगची आणि बाथरूम दुरुस्तीची कामं बरीच वर्षं करतोय आणि अशी कित्येक बाथरूम बसवून दिलीत जी आजही छान चाललीत. पण दुरुस्तीला म्हणून ज्या घरी बोलावणं येतं तिथे त्याच त्या चुका दिसतात. लोक जागा मोजतात, मशीन मावलं की खूश होतात, आणि मशीनमधलं पाणी कुठून बाहेर जाणार याचा विचार मशीन घरात आल्यावर सुरू करतात. खरंतर तो सगळ्यात आधी करायचा असतो.

आउटलेट पाईप जमिनीवर सोडून देणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या एका चुकीने लोकांचे पैसे आणि झोप दोन्ही जाताना पाहिलंय.

एका घरी नवं फ्रंट लोड मशीन घेतलेलं. तक्रार काय तर मशीन पाणी घेतच राहतं, धुवायला सुरुवातच करत नाही आणि थोड्या वेळाने एरर दाखवून थांबतं. आधी एक मेकॅनिक येऊन गेला, त्याने इनलेट वॉल्व्ह (मशीनमध्ये पाणी सोडणारी झडप) बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसरा आला, तो म्हणाला पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, तोही बदलला. पुन्हा तेच! त्या घरातल्या ताई इतक्या कंटाळल्या होत्या की मशीन परत द्यायचं ठरलं होतं. मी गेलो होतो खरं तर बेसिनखालचं लिकेज बघायला. मशीन चालू होतं आणि कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या तोंडात, पाण्याची बोटाएवढी धार सारखी पडत होती. मशीन भरतंय आणि त्याच वेळी रिकामंही होतंय! आउटलेट पाईप मागून थेट खाली आणून फरशीवरून ट्रॅपमध्ये सोडलेला होता. मी तो उचलून कमरेच्या उंचीला धरला, धार थांबली, दोनेक मिनिटांत पाण्याची लेव्हल झाली आणि ड्रम फिरायला लागला. ताई बघतच राहिल्या.

झालं काय होतं, तर पाईपचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या लेव्हलच्या खाली होतं. पाईप एकदा पाण्याने भरला की पंप चालू नसला तरी पाणी आपोआप ओढलं जातं, टाकीतून नळीने पाणी काढतो ना, तसंच. सेन्सरला वाटतं अजून भरलं नाही, म्हणून वॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून पंपवाल्या मशीनचा आउटलेट आधी वर न्यायचा, बहुतेक कंपन्या जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंमी सांगतात, आणि मग उभ्या ड्रेन पाईपमध्ये सोडायचा. आत १०-१५ सेंमी गेला की पुरे, त्याहून खोल खुपसू नका. आणि कृपा करून त्या तोंडाला टेप किंवा सिलिकॉन लावून सील करू नका, तिथून हवा आत गेली पाहिजे, नाहीतर उंची बरोबर असूनही पाणी ओढलं जाऊ शकतं.

आता यातली मेख. हाच नियम घेऊन काही लोक टॉप लोडचा पाईपही वर बांधतात आणि मग मशीनमधून पाणीच जात नाही. बऱ्याच टॉप लोड मशीनला आणि सेमी ऑटोमॅटिकला पंप नसतो, पाणी उताराने जातं, तिथे पाईप खालीच ठेवावा लागतो. म्हणजे आधी आपलं मशीन पंपाचं आहे की उताराचं हे मॅन्युअलमध्ये बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाई इतकी असते की मॅन्युअल पिशवीतून बाहेरच येत नाही, आणि मग कोणाचा तरी व्हिडिओ बघून भलत्याच मशीनचा उपाय आपल्या मशीनला लावला जातो.

ड्रेनचंच अजून एक. पंप मिनिटाला साधारण १५-२० लिटर पाणी एकदम फेकतो, त्यात फेस आणि कपड्यांचा बारीक लिंट, म्हणजे सुटलेले धागे. अंघोळीच्या पाण्याला पुरणारी नहाणी याला पुरेलच असं नाही. ट्रॅपमध्ये आधीच केस अडकलेले असतील तर लिंट त्यावर जाऊन बसतो आणि लगदा तयार होतो, मग स्पिन सुरू झालं की पाणी उंबरठ्यापर्यंत. मी स्वतः पाईपच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी लावतो आणि दर रविवारी काढून धुतो. ती धुवायची आठवण राहणार नसेल तर लावूच नका, भरलेली जाळी आणखी वाईट. नवीन काम करत असाल तर मशीनसाठी वेगळी ५० मिमीची लाईन आणि वेगळा ट्रॅप टाकून घ्या, फरशी फोडलेलीच असते तेव्हा हा खर्च काहीच वाटत नाही.

उतारावर मशीन आणि चाकांचा स्टँड

ही माझी दुसरी डोकेदुखी. बाथरूमच्या फरशीला उतार असतोच, मीटरला साधारण १ सेंमी, आणि तो हवाच. पण मशीनला लेव्हल हवी. ६० सेंमीच्या मशीनखाली पुढे-मागे ६ मिमीचा फरक पडतो आणि १२०० आरपीएमला (मिनिटाला १२०० फेरे) तेवढा फरक पुष्कळ होतो. लोक काय करतात तर चाकांचा स्टँड आणतात, कारण मागची साफसफाई सोपी होते म्हणे. ओली फरशी, त्यावर साबणाचं पाणी, त्यावर चाकं आणि त्यावर ६०-७० किलोचं धडधडणारं मशीन! एका ठिकाणी असं मशीन स्पिनमध्ये सरकत सरकत वीतभर पुढे आलं आणि इनलेट पाईप नळावरून उपटला गेला. घरात कोणी नव्हतं. संध्याकाळी लोक घरी आले तेव्हा पाणी बाथरूममधून बाहेर पडून पार बेडरूममध्ये, लाकडी कपाटाचा तळ फुगलेला. नळ बंद असता तर एवढं झालंच नसतं, म्हणून मशीनचा अँगल कॉक हाताला येईल असाच लावा, मशीनच्या पाठीमागे दडवू नका, आणि धुणं झालं की बंद करायची सवय लावा. मी आमच्या घरी प्रत्येक वेळी बंद करतो, बाहेर जायचं असलं की दोनदा बघतो.

स्टँडपेक्षा १०-१५ सेंमीचा पक्का ओटा बांधा, त्यावर टाईल, आणि ओट्याचा माथा लेव्हलमध्ये. तळ कोरडा राहतो, गंज कमी लागतो. मशीन ठेवल्यावर तिरके समोरासमोरचे दोन कोपरे तळहाताने दाबून बघा, मग दुसरे दोन. जरा जरी डुललं तरी पाय फिरवून जुळवा आणि मग पायावरचा लॉक नट वर बॉडीला घट्ट करा. हा नट नव्वद टक्के लोक आवळतच नाहीत असं मला वाटतं, महिन्याभरात पाय सैल होतो आणि पुन्हा धडधड सुरू. नवीन मशीन पहिल्याच दिवशी वेड्यासारखं उडत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का ते आधी बघा.

आणि ओटा वॉटरप्रूफिंगनंतर फरशीला ड्रिल मारून बोल्टने धरायचा हा शहाणपणा कोणी सुचवला तर ऐकू नका. एक भोक पुरतं खालच्या छताला डाग पडायला. ओटा आधी, त्यावरून वॉटरप्रूफिंग, मग २४ तास पाणी भरून टेस्ट, मग टाईल. टेस्टचा एक दिवस वाचवायला बघणारे कारागीर मी कामावर ठेवत नाही.

वीज

इथे मात्र अजिबात तडजोड नको. एक्स्टेंशन बोर्ड बाथरूममध्ये नाही म्हणजे नाही, "थोडे दिवस" म्हणूनसुद्धा नाही. शॉवर उडतो तिथपासून सॉकेट निदान ६० सेंमी लांब, काही देशांत नियम याहून बराच कडक आहे, तो इलेक्ट्रिशियनला विचारा. सॉकेट मशीनच्या मागे नको, वरच्या बाजूला, झाकणवाला, अर्थिंग तपासलेलं, आणि लाईनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मशीनचा हीटर साधारण २००० वॅटचा, गीझर तेवढाच, दोन्ही एका लाईनवर एकदम चालले तर २३० व्होल्टवर १७ अँपिअरच्या वर जातं आणि १६ चा सॉकेट गरम होतो. वेगळ्या लाईन घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

दार मोजा. चौकट आणि टाईल लागल्यावर दाराची मोकळी जागा कमी होते, मशीन ६० सेंमीचं. मशीन दारात अडकल्यावर चौकट काढायला मला दोनदा बोलावलंय. मागे पाईपसाठी १० सेंमी सोडा, पुढे फ्रंट लोडचं दार पूर्ण उघडून वाकता येईल एवढी जागा.

टॉप लोडच्या वर कपाट करताना झाकण उघडून उंची घ्या, बंद झाकणावर नको.

कपडे तिथेच वाळत घालू नका. १००० आरपीएमला स्पिन केल्यावरही ५ किलो कपड्यांत सुमारे ३ लिटर पाणी उरतं आणि ते सगळं बाथरूमच्या हवेत येतं, मग छताला बुरशी. अगदीच पर्याय नसेल तर एक्झॉस्ट तासनतास चालू ठेवा, आणि दाराखाली १-२ सेंमी फट हवीच, हवा आत आली नाही तर पंखा नुसता आवाज करतो.

धुणं झाल्यावर दार आणि पावडरचा ट्रे उघडा ठेवा, रबराची घडी बोटाने उलटून कापडाने पुसा. त्या घडीत काळी चिकट रेघ दिसायला लागली की वास येणारच.

पावडर आणि ब्लीच मशीनवर ठेवू नका, स्पिनमध्ये डबा सरकून पडतो. आणि कपड्यांचं ब्लीच टॉयलेट साफ करायच्या अॅसिडच्या शेजारी तर कधीच नको. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. एक वरच्या फळीवर ठेवा, दुसरं बाथरूमच्या बाहेर, मुलांचा हात पोचणार नाही असं.