लीगल एड सेलमध्ये नाव देणाऱ्यांसाठी

विधी महाविद्यालयाच्या लीगल एड सेलमध्ये, म्हणजे विद्यार्थी जिथे लोकांना मोफत कायदेशीर मदत करतात त्या केंद्रात, येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, आपण लोकांना कायदा सांगायला चाललोय. समोर माणूस बसला की चित्र बदलतं. त्याच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असतो. त्यातला कुठला कामाचा हे त्याला ठाऊक नसतं, आणि सुरुवातीला तुम्हालाही नसेल. मी तिथे जे काही शिकले त्यातलं निम्मं तो गठ्ठा तारखेप्रमाणे लावताना शिकले.

बार कौन्सिलच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली असं केंद्र चालवायचं असतं. फलक त्यामुळे सगळीकडे दिसतो, काम सगळीकडे दिसेलच असं नाही. नाव देण्याआधी वरच्या वर्गातल्यांना दोन गोष्टी विचारा: सेल ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसतो का, आणि मसुदा तपासायला एखादे वकील येतात का. दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर वर्षातून दोन शिबिरं, बॅनर आणि फोटो एवढ्यावरच भागेल. शिबिरांना मी नावं ठेवत नाही, पण भाषण ऐकून गेलेल्या बाईला महिन्याभराने नोटीस आली तर ती कुणाकडे जाणार?

आलेल्या माणसाला आधी बोलू द्या, मध्ये तोडू नका. तो सासऱ्यांच्या आजारपणापासून सुरू करेल, करू द्या. सगळं सांगून झालं की मग तारखा विचारा आणि एकेक कागद त्या तारखांशी जुळवा. बाई एकटी आली नसेल तर सोबतचे दीर किंवा भाऊच सगळी उत्तरं देतात. 'दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का, ताईंशी बोलून घेते' हे न अडखळता म्हणायला शिकावं लागतं. त्यानंतर कहाणी बऱ्याचदा वेगळीच निघते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त यायची ती वारस नोंदीची प्रकरणं. वडील गेले, भावांनी तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार (जमिनीच्या दप्तरातल्या नावांतला बदल) झाला, सातबाऱ्यावर भावांची नावं लागली आणि बहिणीचं राहिलं. ती येऊन एवढंच म्हणते, 'माझं नाव लावून द्या.' इथे नवा विद्यार्थी लगेच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारी 2005 ची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल सुरू करतो. ते नंतर. आधी फेरफाराची नक्कल काढायला सांगा. नोंद कधी मंजूर झाली, हिला नोटीस मिळाली होती का, हिने कधी हक्कसोडपत्रावर (आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर) सही केली आहे का? 'कसल्यातरी कागदावर सही केली होती' हे वाक्य बऱ्याचदा अगदी शेवटी, उठता उठता येतं आणि सगळं प्रकरण फिरवतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली फेरफाराविरुद्ध प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करायला 60 दिवस असतात. ते उलटून गेले असतील तर उशिराचं कारण देऊन माफीचा अर्ज जोडावा लागतो. फेरफाराने मालकी ठरत नाही हेही तिला सांगा, पण जपून. नाव नाही म्हणजे हक्क गेला असं नव्हे, आणि नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असंही नव्हे. हक्काचा खरा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

आणि तिथे तुम्ही उभे राहू शकत नाही. 1961 च्या वकील कायद्याप्रमाणे वकिली करायची ती सनद (बार कौन्सिलचा वकिलीचा परवाना) घेतलेल्यानेच, त्यामुळे वकीलपत्र आणि युक्तिवाद तुमच्या आवाक्याबाहेर. हे पहिल्या भेटीतच सांगून टाका, कारण लोक तुम्हाला 'वकीलसाहेब', 'वकीलबाई' म्हणू लागतात आणि ते ऐकायला गोड लागतं. 'केस नक्की जिंकाल' हे तर सनद मिळाल्यावरही म्हणू नका.

तुमच्या हातात तरीही भरपूर आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, ग्राहक आयोगाची तक्रार, मुलं सांभाळत नाहीत म्हणून आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याखाली आजोबांचा प्रांतांकडे निर्वाहाचा अर्ज. मसुदा तुम्ही करायचा, वकिलांनी किंवा प्राध्यापकांनी तपासायचा आणि सही अर्जदाराची. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तिथे बिलावरची आणि बिघाडाची तारीख आधी पाहा.

वकील लागणारच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करून द्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरीही बायकांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत पिटाळलेलं मी पाहिलं आहे. ज्यांना सेलपर्यंत येणं जमत नाही त्यांना 15100 हा हेल्पलाइन क्रमांक द्या. पण नुसतं 'तिकडे जा' म्हणून मोकळं होऊ नका, कुठल्या इमारतीत, कुठले कागद घेऊन, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा आणि मूळ त्यांच्या देखत पिशवीत परत टाका. प्रकरणाचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, नाव झाकूनही नको. गाव लहान असेल तर नुसत्या हकिकतीवरून माणूस ओळखू येतो.

परीक्षा आल्या की सेल बंद पडतो, पण पक्षकाराची मुदत थांबत नाही. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, काय झालं, काय बाकी आणि फोन कुणाचा लावायचा (बाईचा स्वतःचा की शेजारणीचा) हे लिहा. सुट्टीला जाण्याआधी मागच्या वर्गातल्या कुणाला तरी समोर बसवून ते पान वाचून दाखवा. पक्षकारालाही त्याचं नाव कळवा, नाहीतर जूनमध्ये ती बाई येऊन तुम्हालाच शोधत राहील.