लाकूड फोडायचं मशीन घेताना: इंदूरच्या पीठ्यावरून

पीठ्यावर, म्हणजे आमच्या लाकडाच्या वखारीत, मशीनची चौकशी करायला येणारा बहुतेक माणूस आधी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतो. एका टोकानं सरळसोट ओंडका आत जातो, करवत तुकडे पाडते, पाचर ते चिरते आणि पट्ट्यावरून रास पडते. याला फायरवुड प्रोसेसर म्हणतात. मशीन उत्तमच आहे, पण ते फिनलंड-कॅनडाच्या बर्च आणि पाइनसाठी. आमच्याकडे बाभूळ येते वाकडी, बेचक्यांची, अर्ध्या भागावर साल सुटलेली. असा ओंडका त्यात दर पाच मिनिटांनी अडकणार आणि महागडं मशीन बंद ठेवून दोन माणसं तो सब्बलीनं काढत बसणार. निलगिरी किंवा सुबाभळीचा सरळ माल कायम मिळत असेल तरच प्रोसेसरचा विचार करा. बाकीच्यांनी कापायचं वेगळं आणि फोडायचं वेगळं घ्यावं.

त्याआधी आपलं काम नक्की कुठे अडतंय ते बघा. पीठेवाल्यांना वाटतं, फोडण्यात वेळ जातो. दिवसभर कोपऱ्यात बसून पाहिलं तर कळतं की वेळ जातो कापण्यात आणि उचलून नेण्यात. कापायचा माणूस एकच असेल तर फोडायचं मशीन कितीही मोठं आणा, ते त्याची वाट बघत उभं राहील.

गिऱ्हाईकही ठरवून घ्या. मावा-भट्टीवाल्याला दीड फुटाची, मनगटाएवढी लाकडं लागतात. मुक्तिधामाचं, म्हणजे स्मशानाचं, लाकूड लांब आणि जाड, ते मशीनखाली घालायची गरजच नाही.

कापायला चेनसॉ पुरते. तिचा खरा शत्रू माळव्याची काळी माती. शेतातून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत ती घट्ट बसते आणि चार कापांत चेनची धार जाते. म्हणून आधी तारेच्या ब्रशनं साल झाडायची, कापाच्या जागी कोयत्यानं तासायची. धार गेली की नाही ते भुश्शावरून ओळखा: जाड कीस उडत असेल तर ठीक, पिठासारखी धूळ उडायला लागली की थांबून कानस लावा. रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे असतात, बांधावरच्या झाडात काटेरी तार. लाकडावर निळा-काळा डाग दिसला की आत लोखंड समजा.

टेबलावरची गोल करवत किंवा आरा बसवायचा बेत असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. मध्य प्रदेशात त्याला 1984 चा काष्ठ चिरान अधिनियम आहे. विकणारा म्हणेल, ‘जळाऊ लाकडाला काही लागत नाही, दीदी.’ त्याचं ऐकू नका. मशीन जप्त झालं तर त्याचं काही जात नाही.

आता फोडायचं मशीन. यात तेलाच्या दाबानं सिलिंडरमधला पिस्टन सरकतो आणि लाकूड पाचरीवर चिरतं. पहिला प्रश्न टनांचा, म्हणजे जोराचा, आणि इथे फार फेकाफेक चालते. हिशेब स्वतः करा. सिलिंडरचा आतला व्यास 10 सेंटिमीटर असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटिमीटर. दाब 200 बार असेल तर जोर सुमारे 16 टन. व्यास 8 सेंटिमीटर असेल तर तोच जोर 10 टनांवर येतो. पत्र्यावर 20 लिहिलं असलं तरी टेप लावा आणि दाबाचा आकडा विचारा. बाभळीला, कडुनिंबाला 16 टन पुरतात. चिंचेचं मात्र वेगळं. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तर खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो. ती फोडायच्या भानगडीत न पडता अख्खी विका.

दुसरा प्रश्न वेगाचा. तोच 10 सेंटिमीटरचा सिलिंडर अर्धा मीटर पुढे जायला जवळजवळ 4 लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर 12 सेकंद. पण पूर्ण दाबाला एवढं तेल ढकलायला 10 एचपीच्या आसपास मोटर लागेल. म्हणून टू-स्टेज पंप मागा: मोकळा असताना भरभर पुढे येतो, लाकूड अडलं की हळू होऊन जोर लावतो. यात 5 एचपीच्या थ्री-फेज मोटरवर काम निभतं. तेल उन्हाळ्यासाठी 68 नंबरचं घाला. सील आणि होज (तेलाच्या नळ्या) इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील अशा मापाचे आहेत का, हेही पैसे देण्याआधीच बघा.

चार फाळ्यांची पाचर दिसायला छान, पण गाठीच्या लाकडात ती मोटरला रडवते. साधी पाचर घ्या.

चालवताना एकच नियम मी कोणालाही मोडू देत नाही: लाकूड ठेवणारा आणि दांडा ओढणारा माणूस एकच. एकानं धरायचं, दुसऱ्यानं चालवायचं, यातच बोटं जातात. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय न चालणारं मशीन मिळत असेल तर तेच घ्या. होजमधून तेल फवारत असेल तर हात लावून शोधू नका, पुठ्ठा फिरवा. त्या दाबाची बारीक धार कातडीत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठा. ट्रॅक्टरला लावायचा तो फिरता शंकू-स्क्रू स्वस्त मिळतो, तरी घेऊ नका. त्यात लाकूडच गरगर फिरतं, आणि ओढणी किंवा गमछा अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही.

लाकूड ओलं असतानाच फोडा. ताज्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं आणि साल ते पाणी आत धरून ठेवते. फोडलं की वाट मोकळी होते. होळीपर्यंत फोडून विटांवर रचलं तर एप्रिल-मेची लू बरंचसं काम करते. तपासायचं असेल तर मधलं लाकूड फोडून आतली 200 ग्रॅमची ढलपी घ्या आणि 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 160 ग्रॅम उरली तर ओल 20 टक्के, म्हणजे भट्टीला चालेल. क्विंटलवर ओलं विकणारे आहेत, पण हलवाई एकदाच फसतो.

जूनमध्ये मशीन झाकताना पिस्टनचा रॉड पूर्ण आत घ्या. बाहेर राहिलेल्या रॉडवर पावसाळाभर गंज चढतो आणि दिवाळीच्या गर्दीत पहिल्याच दिवशी सील फाडतो.