दारूचा डबा उघडण्याआधी: .३०८ च्या पुंगळ्यांची मापं

अमेरिकेत राहून रायफल शूटिंगची गोडी लागलेल्या आणि आता झाडलेल्या पुंगळ्यांत (काडतुसाचं पितळी कवच) बंदुकीची दारू पुन्हा घालून स्वतःची काडतुसं स्वतः भरायचं मनावर घेतलेल्या मंडळींसाठी ही तयारी लिहीत आहे. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे, तेव्हा यातलं काही तिकडे करायला जाऊ नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. तरी आपल्या राज्याचे नियम आधी वाचून घ्या. उदाहरण .३०८ विंचेस्टरचं घेतो. १९५२ पासून बाजारात असलेलं हे काडतूस, आणि बाटलीच्या घाटाच्या (खाली रुंद अंग, वर बारीक मान आणि मधला उतार म्हणजे खांदा) पुंगळीत जे जे बिघडू शकतं ते सगळं यात दिसतं.

मोजायला बसाल तेव्हा टेबलावर कॅलिपर, कंपॅरेटर (कॅलिपरला लावून खांद्याचं माप घ्यायचा जोड), केस गेज (पुंगळी आत सोडून माप बघायचा साचा), रिलोडिंगचं छापील मॅन्युअल आणि एक वही एवढंच असू द्या. दारू आणि प्रायमर (बुडात बसणारी, दारू पेटवणारी टोपी) या दिवशी कपाटातच राहू देत. कॅलिपरचे जबडे पुसा, मिटवा, शून्य येतंय ना बघा आणि दर थोड्या पुंगळ्यांनंतर पुन्हा बघा. आकडे उड्या मारायला लागले तर आधी बॅटरी बदला. मापं इंचात घ्या, मॅन्युअलमध्ये ती इंचातच असतात.

मग निवडणं. बुडावरचा शिक्का वाचून प्रत्येक कंपनीचा ढीग वेगळा करा. रेंजवर वेचलेल्या मालात लष्करी ७.६२ × ५१ च्या पुंगळ्या हमखास मिसळलेल्या असतात. त्यांच्या भिंती बऱ्याचदा जाड असतात, म्हणजे आतली जागा कमी, आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त. त्या वेगळ्याच ठेवा. चुंबक फिरवून पोलादी पुंगळ्या काढून टाका. तोंडातून टॉर्च मारा: तळाशी मधोमध एकच भोक दिसलं तर ठीक, दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन जातीची, डायमधली (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) पिन मोडेल. मानेला चीर असलेली पुंगळी थेट बाद.

लांबी मोजायची ती पुंगळी साफ करून, वंगण लावून, डायमधून काढून, वंगण पुसल्यावर. आधी मोजून उपयोग नाही, कारण डायमधून जाताना पितळ मानेकडे सरकतं आणि पुंगळी लांब होते. .३०८ ला कमाल लांबी २.०१५ इंच, आणि कापून आणायची ती साधारण २.००५ वर. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या (रायफलमधली काडतूस बसायची जागा) पुढच्या कडेवर जाऊन दाबलं जातं, गोळीवरची पकड सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. कापल्यावर तोंडाची आतली-बाहेरची कोर काढा.

इथवर बहुतेक जण नीट करतात. राहून जातो तो खांदा, आणि माझ्या मते नवख्याने सर्वात जास्त वेळ इथेच घालवावा. गोळी सुटते तेव्हा पुंगळीच्या भिंती चेंबरला घट्ट चिकटतात आणि बूड मात्र मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणारा भाग) आदळतं. खांदा गरजेपेक्षा मागे ढकललेला असेल, तर तेवढं अंतर बुडाच्या जरा वरचं पितळ ताणून भरून निघतं. असं काही वेळा झालं की तिथेच पुंगळी फाटू शकते. म्हणून आपल्याच रायफलमधून झाडलेल्या, अजून डायमध्ये न घातलेल्या पाच-सहा पुंगळ्या घ्या, प्रायमर काढा (तो वर आलेला असला तर माप चुकतं), आणि कंपॅरेटरने बुडापासून खांद्यापर्यंतचं माप वहीत लिहा. मग डाय थोडी थोडी खाली घेत जा. बोल्ट अ‍ॅक्शनला खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की थांबायचं, सेमी-ऑटोला ०.००३ ते ०.००५. कंपॅरेटरचा आकडा फक्त आपल्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघायचा, मित्राच्या नव्हे. केस गेजही वापरा. पुंगळी त्यात सोडली की बूड गेजच्या तोंडावरच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये यायला हवं. मात्र गेज प्रमाण मापावर बनलेलं असतं, तुमच्या चेंबरवर नाही, म्हणून एकट्या गेजवर विसंबू नका.

जुन्या पुंगळ्यांची आतून तपासणी चुकवू नका. पेपरक्लिप सरळ करा, टोकाला छोटा आकडा वळवून ते टोक घासून अणकुचीदार करा. तळापर्यंत नेऊन भिंतीला टेकवत हळूहळू वर ओढा. बुडाच्या जरा वर टोक खाचेत अडखळलं, किंवा बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसलं, तर पुंगळी संपली. बाकीची मापं कितीही सुरेख असोत.

प्रायमरच्या खळग्यातली काजळी खरवडून काढा. लष्करी मालात खळग्याची कड दाबून बसवलेली असते, ती कापल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. पुढे प्रायमर बसवताना तो बोटाच्या जोराने आत गेला, तर खळगा सैल झालाय, पुंगळी बाद.

पास झालेल्या पुंगळ्या डब्यात भरून चिठ्ठी लावा: कंपनी, किती वेळा झाडल्या, लांबी, खांद्याचं माप, तारीख. बाद झालेल्यांची तोंडं तिथल्या तिथे पकडीने चेपून टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी चांगल्यांच्या ढिगात परत येणार नाहीत.