बढतीच्या महिन्यात करावयाचे गणित : केंद्र सरकारी वेतननिश्चिती

बढतीचा आदेश हाती पडला की मुंबईतील केंद्र सरकारी कार्यालयांत आधी पेढे वाटले जातात, आणि वेतननिश्चितीचा विकल्प, म्हणजे नव्या पदाचे मूळ वेतन कोणत्या तारखेपासून ठरवायचे याची निवड, मुदतीत द्यायचा असतो हे अनेकांना फार उशिरा आठवते. आस्थापना शाखेत काम करताना हे मी इतक्यांदा पाहिले आहे की, हे गणित प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतः करायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी वेतन मॅट्रिक्सचा तक्ता समोर ठेवावा. सातव्या वेतन आयोगानुसार 1 जानेवारी 2016 पासून ग्रेड पे (पदाच्या दर्जानुसार मूळ वेतनात धरली जाणारी रक्कम) जाऊन हा तक्ता आला. त्यात डावीकडून उजवीकडे लेव्हल चढत जातात आणि प्रत्येक लेव्हलखाली मूळ वेतनाचे सेल, म्हणजे चौकटी, असतात. लेव्हल 4 ची सुरुवात 25,500 रुपयांपासून होते, पुढे 26,300, 27,100, 27,900, 28,700, 29,600, 30,500, 31,400 असे टप्पे येतात. वार्षिक वेतनवाढ म्हणजे याच रांगेत एक सेल खाली सरकणे, सुमारे 3 टक्के. ती 1 जानेवारी किंवा 1 जुलै यांपैकी एकाच तारखेला मिळते आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची सेवा झालेली असावी लागते.

महागाई भत्ता याच दोन तारखांपासून सुधारला जात असल्याने अनेकजण त्यालाच वेतनवाढ समजतात. भत्त्याने मूळ वेतन बदलत नाही. तो 1 जानेवारी 2024 पासून 50 टक्क्यांवर पोहोचल्यामुळे मुंबईचा घरभाडे भत्ता मात्र मूळ वेतनाच्या 27 वरून 30 टक्के झाला. अँटॉप हिलसारख्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांना तो मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. समजा, लेव्हल 4 मध्ये 29,600 रुपये मूळ वेतन असलेल्या आणि दर 1 जुलैला वेतनवाढ घेणाऱ्या कर्मचाऱ्याला 1 मार्च 2025 रोजी लेव्हल 5 मध्ये बढती मिळाली. बढतीच्या दिवसापासूनच वेतननिश्चिती घेतली, तर जुन्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ धरून 30,500 होतात आणि लेव्हल 5 मधील त्याइतका किंवा त्यावरचा सेल, म्हणजे 31,000, लागू होतो. पुढची वेतनवाढ 1 जानेवारी 2026 रोजी मिळून मूळ वेतन 31,900 होते.

दुसरा विकल्प म्हणजे जुन्या पदावरील पुढील वेतनवाढीच्या तारखेपासून निश्चिती. यात मार्च ते जून लेव्हल 5 मधील लगतचा वरचा सेल, म्हणजे 30,100 मिळतात. 1 जुलैला वार्षिक व बढतीची अशा दोन वेतनवाढी धरून 31,400 होतात आणि निश्चिती 31,900 वर होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, 1 जानेवारी 2026 रोजी, 32,900. थोडक्यात, चार महिने दरमहा 900 रुपये कमी घेऊन हा कर्मचारी पुढे कायम एक सेल वर राहतो, आणि महागाई भत्ता व घरभाडे भत्ताही त्याच वाढलेल्या रकमेवर मोजले जातात.

मूळ वेतन 29,600 असतानाच ऑक्टोबरमध्ये बढती झाली, तर हिशेब इतका एकतर्फी राहत नाही. तेव्हा पहिल्या विकल्पातही 1 जुलैला 31,900 होतात, आणि दुसऱ्याचा लाभ त्यानंतरच्या जानेवारीपासून दिसू लागतो. निवृत्ती जवळ आलेल्याने अशा वेळी पहिला विकल्पच घेणे बरे. दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या एमएसीपीच्या (बढती न मिळालेल्यांना दिल्या जाणाऱ्या वरच्या लेव्हलच्या) वेळीही हाच विकल्प देता येतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

विकल्प बढतीपासून एका महिन्याच्या आत लेखी द्यावा लागतो. मुदत उलटली की निश्चिती बढतीच्या तारखेपासूनच धरली जाते. माझ्या एका सहकाऱ्याने अर्ज भरून टेबलाच्या खणात ठेवला आणि तो गावी गेला. तो परतला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. म्हणून अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी, आणि वेतननिश्चितीचा आदेश निघाल्यावर सेवापुस्तकातील नोंद स्वतः पाहून तिथे सही करावी.