लंडन ते इस्तंबूल: अंतर आणि विमानाचा वेळ कसा काढावा

आधी विमानतळ ठरवा. लंडनला पाच-सहा आहेत, इस्तंबूलला दोन. त्यातला सबिहा गोकचेन बॉस्फरस सामुद्रधुनीच्या पलीकडे, आशियात. २०१९ पासून मुख्य झालेला नवा विमानतळ युरोपच्या बाजूला. इथे हीथ्रो आणि हा नवा विमानतळ धरू.

१. अंतर काढा

हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. इस्तंबूल: ४१.२७ उत्तर, २८.७५ पूर्व. अक्षांशांची वजाबाकी १०.२. रेखांश मात्र शून्याच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून त्यांची बेरीज करायची: २९.२.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. १०.२ × १११ = १,१३२ किमी. रेखांशाचा अंश १११ किमी भरतो तो फक्त विषुववृत्तावर. उत्तरेकडे जावं तसा तो आखडतो. म्हणून मधल्या अक्षांशाच्या (४६.४) कोसाइनने, म्हणजे ०.६९ने गुणा: २९.२ × १११ × ०.६९ = २,२३६ किमी. पुढे शाळेतला पायथागोरस. वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा: सुमारे २,५०६ किमी.

गोलाच्या नेमक्या सूत्राने २,४९० येतात, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचा हा हिशोब वाईट नाही. ते ०.६९ विसरलात, तर उत्तर थेट ३,४३० किमीच्या पुढे जातं. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांब पल्ल्याला मात्र ही पद्धत वापरू नका, तिथे नेमकं सूत्रच हवं.

२. वेळ काढा

२,५०० भागिले ८३० (विमानाचा ताशी वेग, किमीत) करून तीन तास सांगणारे बरेच भेटतात. पण विमान सरळ रेषेत जात नाही. हवाई मार्गांच्या वळणांसाठी चार टक्के वाढवा: २,६००. ताशी ८३० किमीने ३ तास ८ मिनिटं. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची २० मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर गेटला लागणं, २० ते २५ मिनिटं. झाले सुमारे ३ तास ५० मिनिटं.

परतीला हवा आडवी येते. युरोपवर उंचावरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे येताना साधारण ४ तास १० मिनिटं धरा.

३. तिकिटाशी ताळा जमवा

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. लंडनहून सकाळी १०:००, इस्तंबूलला १५:५०, म्हणून प्रवास ५ तास ५० मिनिटांचा होत नाही. दोन्ही वेळा भारतीय वेळेत करा. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. इस्तंबूल बाराही महिने अडीच तास, कारण तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं. म्हणजे १४:३० ते १८:२०: बरोबर ३ तास ५० मिनिटं.

हिवाळ्यात तेच १०:०० चं विमान १६:५०ला पोचलेलं दिसेल. उडण्याचा वेळ तेवढाच, लंडनचं घड्याळ तेवढं मागे गेलेलं. प्रवास मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आसपास असेल, तर पुढचं जोडविमान धरण्याआधी हा तास दोनदा तपासा.