मुलीसाठी वेगळं, कवितेतलं नाव: शोधायचं कुठे, पारखायचं कसं

बारशाला आठ दिवस उरलेत आणि अजून मोबाइलवर 'अ'पासूनची यादी सरकवणं चालू आहे, अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर सातव्या महिन्यातच शोध सुरू करा. लिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मुलीची एक आणि मुलाची एक अशा दोन याद्या कराव्याच लागतात. इथे मुलीच्या यादीपुरतं बोलू. पहिली यादी पंचवीस-तीस नावांची झाली तरी चालेल. पाळण्याशी उभ्या असलेल्या आत्याकडे मात्र एकच नाव जायला हवं, आणि नाव जरा अवघड असेल तर तिला ते आदल्या दिवशी चारदा म्हणून बघायला सांगा. 'कुर्रर्र'नंतर आत्या अडखळली की तो किस्सा मुलीच्या लग्नापर्यंत पुरतो.

छापील किंवा नेटवरच्या याद्यांतून वेगळं नाव मिळत नाही, कारण तीच यादी शेजारच्या विंगमध्येही कोणीतरी वाचत असतं. आर्या, ओवी, स्वरा, सान्वी, इरा ही नावं एके काळी वेगळीच वाटायची. आज पार्ल्या-दादरच्या एखाद्या बालवाडीत यातलं एक मोठ्याने पुकारा, दोघी-तिघी वळून बघतील.

म्हणून यादी सोडून शब्द जिथून येतात तिथे जायचं. कवितेतलं नाव हवं असेल तर पहिला मुक्काम वृत्तांचा. 'ओवी ज्ञानेशाची, आर्या मयूरपंतांची' यातली दोन्ही नावं लोकांनी उचलली, पण बाकीची वृत्तं अजून बरीचशी मोकळी आहेत. मालिनी पंधरा अक्षरांचं वृत्त. नाव आजीच्या पिढीतलं, त्यामुळे आज पुन्हा ताजं वाटतं. शिखरिणी सतरा अक्षरांचं. मंदाक्रांताही सतराचंच, मेघदूत याच वृत्तात आहे. नाव देखणं आहे, पण घरात त्याचं 'मंदा' होणार हे आधीच मान्य करून ठेवावं. केका हे वृत्त नव्हे, पण शब्द कवितेतलाच: मोराचा आवाज. दोनच अक्षरं, क्वचित ऐकू येणारं नाव, पण मुंबईतल्या शाळेत पहिल्याच वाढदिवसाला त्याचं काय होईल ते सांगायला नको. आणि वियोगिनी हेही वृत्ताचंच नाव आहे. कानाला मधुर लागतं, अर्थ मात्र विरहात असलेली स्त्री. ते सोडा.

दुसरा मुक्काम रागांचा. बागेश्री, रागेश्री, आसावरी रुळलेली आहेत. मधुवंती आणि चारुकेशी त्या मानाने कमी ऐकू येतात, आणि चारुकेशीचा अर्थही छान, सुंदर केसांची. रागाची वेळ आणि जन्माची वेळ जुळवायची ही एक गमतीची पण बरी पद्धत: सकाळ वर आल्यावर जन्म असेल तर आसावरी, दुपार कलताना मधुवंती, रात्री उशिरा बागेश्री. भूपाळी नावाच्या मोहात पडण्याआधी ते इंग्रजीत लिहून बघा. निम्मी मुंबई 'भोपाळी' वाचेल.

नद्यांची नावं घेताना दोन गोष्टी तपासायच्या: पुराणातला संदर्भ आणि शहरातला संदर्भ. प्रवरा (श्रेष्ठ), वेण्णा, वाशिष्ठी, रेवा, म्हणजेच नर्मदा, ही चारही चालण्यासारखी. वैतरणा ऐकायला भारदस्त, पण मुंबईकराला ते धरण आणि पाणीकपात आठवून देतं, शिवाय यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी त्याला चिकटलेली आहेच. नीरा म्हणजे नदी हे पुण्याकडे ठीक. इथे स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर नीरा ग्लासातून मिळते.

फुलांत नेहमीच्या नावाऐवजी त्याचं संस्कृत रूप शोधा. जुईची यूथिका होते, प्राजक्ताची शेफालिका. कोकणातली असाल तर सुरंगी आहे. गजऱ्यात ते फूल माळणाऱ्यांना नाव सांगताच वास येईल, बाकीच्यांना समजावून सांगावं लागेल. संतकवयित्रींकडेही एकदा बघा: मुक्ता, जनी, निर्मळा, सोयरा. सोयरा हे नाव आज कोणी ठेवत नाही आणि उच्चारायला सोपं आहे. फक्त शिवकालातल्या सोयराबाईंमुळे घरात कोणी नाक मुरडतंय का ते आधी विचारा. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचे अभंग आहेत, हे उत्तर तयार ठेवा.

आता अर्थ. निम्म्या नावांची गाडी इथेच घसरते. 'गोड वाटतं' एवढ्यावर नाव ठेवलं की मृगया हाती येते, म्हणजे शिकार. अधीरा म्हणजे उतावळी. निर्ऋती ही वेदांतली विनाशाची, अवदसेची देवता. नेटवर अशा नावांपुढे सरसकट 'देवीचं नाव' किंवा 'सुंदर' लिहिलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक नाव कोशात बघायचं: मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, संस्कृत असेल तर वामन शिवराम आपटे यांचा कोश. तिन्ही नेटवर शोधता येतात. पुस्तकच चाळायचं असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पहिलाच अर्थ वाचून कोश मिटू नका, खालचे तिसरे-चौथे अर्थही वाचा. तमसा ही वाल्मीकींच्या आश्रमाजवळची नदी, पण शब्दाच्या मुळाशी 'तमस्' म्हणजे काळोख आहे. काहींना तेच आवडेल, काहींना नाही. कोशात शब्द सापडलाच नाही तर तो बनवलेला आहे असं धरा. बनवलेलं नाव ठेवायला हरकत नाही, पण मग त्याला संस्कृत अर्थ चिकटवत बसू नका.

कोशानंतर जिभेची परीक्षा. नाव घेऊन पाच वाक्यं मोठ्याने म्हणा: हाक, रागावणं, 'ला', 'ने', 'ची' लावून एकेक वाक्य. पहाट, सांज, सर, लहर अशी नावं इथे अडकतात. 'पहाट अजून उठली नाही', 'सर आली का गं?' अशा वाक्यांना घरचे आठवडाभर हसतील, मुलगी मात्र कायम खुलासे करत बसेल. जोडाक्षर एकापेक्षा जास्त नको. स्रग्धरा, स्रग्विणी कितीही सुंदर असली तरी मुलीला स्वतःला ती पाच-सहा वर्षांपर्यंत धड म्हणता येणार नाहीत. 'र' मुलांच्या तोंडी तसाही उशिरा बसतो. लाडाचं नाव काय होईल तेही आत्ताच बघा, कारण ते तुम्ही ठरवत नाही. आजी, मावशी आणि शाळेची बस ठरवते.

मुंबईत सगळ्यात जास्त खोळंबा इंग्रजी अक्षरांमुळे होतो. कागदावर नाव फक्त इंग्रजीत लिहा आणि मराठी न येणाऱ्या तिघांना वाचायला द्या: एखादे गुजराती शेजारी, एक हिंदीभाषक, एक इंग्रजी माध्यमातलं शाळकरी मूल. तिघांपैकी दोघांनी बरोबर वाचलं तर नाव ठेवा. सई एस-ए-आय लिहिली की 'साई' होते, म्हणून शेवटी दोन ई लावतात. ज्ञानदाचं डी-एन-वाय बाहेरच्याला कळत नाही आणि हिंदी बोलणाऱ्या बाई तिला 'ग्यानदा' म्हणणारच. ऋचाची आर-यू लिहिलं तर रुचा, आर-आय लिहिलं तर रिचा. 'ळ' असलेली बकुळा, निर्मळा घराबाहेर 'ल'ने बोलल्या जातील. हे चालणार असेल तरच ती नावं यादीत ठेवा. अंकशास्त्रासाठी जादाची अक्षरं घुसवणं मात्र टाळाच. शाळा, आधार, पासपोर्ट, बँक अशा प्रत्येक ठिकाणी ते वेगळा माणूस टाइप करतो, आणि एका अक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्रं करावी लागतात.

संपूर्ण नावही म्हणून बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. म्हणजे मुलीच्या नावाला लागून आता आईचं नाव येतं. मुलीचं नाव आकारान्त आणि आईचं स्वराने सुरू होणारं असेल तर दोन्ही एकमेकांत विरघळतात: 'रेवा आरती' भरभर म्हणा, 'रेवारती' ऐकू येईल. 'मधुवंती आरती' सुटं राहतं. लांबीचंही भान ठेवा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत नाव-आडनावासाठी मधल्या चिन्हांसह ३९ जागा असतात, त्यापुढचं कापलं जातं.

नावरसाचा, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणाच्या अक्षरावरून नाव ठेवण्याचा, आग्रह घरात असेल तर भांडू नका. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण सहाएक तासांचा. आर्द्रेच्या चरणांची अक्षरं कु, घ, ङ, छ. 'ङ'वरून सुंदर नाव काढून दाखवणारा ज्योतिषी अजून जन्मायचाय. पत्रिकेतलं नाव कानात सांगा, व्यवहाराचं वेगळं ठेवा. तशी पद्धत पूर्वीपासून आहेच.

राहिली नोंदणी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. बाळ हॉस्पिटलमध्ये जन्मलं तर ते हॉस्पिटल करतं, आणि तेव्हा नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नाव ठरत नसेल तर या मुदतीचा फायदा घ्या, घाईत काहीतरी लिहून देऊ नका: नोंदलेलं नाव पुढे आवडीखातर बदलायचं म्हटलं की राजपत्राची पायरी चढावी लागते. मात्र वर्षभर ढकलतही राहू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

वॉर्ड ऑफिसात अर्ज देताना नाव मराठीत आणि सुट्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत स्वतः लिहा, 'बोलून सांगतो' असं करू नका. दाखल्यावर नाव दोन्ही लिप्यांत येतं, आणि वेगळ्या नावांच्या चुका ठरलेल्या असतात: ऋचाची रुचा, बकुळाची बकुला, यूथिकेचा यू ऱ्हस्व. आधी एकच प्रत घ्या, तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा, आईचं नाव जागेवर आहे का बघा. चूक दिसली तर खिडकी सोडायच्या आत सांगा. बाकीच्या प्रती त्यानंतर.